रिझर्व्हमधून परत बोलावलेल्या जवानाची राहिलेली पदकं: आधी तारखा जुळवा, मग पदक मागा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण माझ्या मते घोडं पदकांपाशी अडलेलं नाही, त्याच्या एक पायरी अलीकडे अडलंय. वडील १९६२ मध्ये पायदळात भरती झाले. सात वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष पलटणीतली सेवा, करून रिझर्व्हमध्ये घरी आले, म्हणजे राहायचं घरी, पण बोलावलं की परत जायचं. १९७१ ला बोलावणं आलं तसे परत गेले आणि १९७३ च्या सुरुवातीला पुन्हा गावी आले. सेवेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या पानावर सैन्य सेवा पदक आणि रक्षा पदक अशा दोनच नोंदी आहेत, १९७१ चं एकही पदक नाही. तुम्ही रेकॉर्ड ऑफिसला ‘राहिलेली पदकं मिळावीत’ असा अर्ज केलात. उत्तर आलं की संबंधिताचे दस्तऐवज मुदत संपल्यावर नष्ट केले आहेत. वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि तुम्हाला विचारायचंय, काही होऊ शकतं का आणि न्यायालयात जावं का.

होऊ शकतं. पण सगळी पदकं मिळतील, असं मी आत्ता सांगणार नाही. परत बोलावल्यावर ते नेमके कुठल्या युनिटमध्ये गेले आणि ते युनिट त्या दिवसांत कुठे होतं, यावर सगळं ठरतं. हे तुमच्या प्रश्नात नाही, आणि बहुधा तुमच्या अर्जातही नव्हतं.

मी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क होतो. निवृत्तीनंतर आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांचे कागद बघतो. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यामुळे एक सांगतो. ‘माझ्या वडिलांना पदकं मिळाली नाहीत’ असं पत्र आलं की क्लार्क पदकाचा विचार करतच नाही. तो बघतो की हा माणूस अमुक तारखेला अमुक युनिटच्या पटावर होता का. पट सापडला तर पदक आपोआप मागे येतं. पट सापडला नाही तर छातीवर गोळीचा व्रण असला तरी फाइल पुढे सरकत नाही. कठोर वाटेल, पण मोहिमेची पदकं शौर्यासाठी नसतात. ती ठरलेल्या काळात ठरलेल्या जागी हजर असल्याबद्दल असतात. म्हणून सिद्ध करायची ती हजेरी.

आता ही हजेरी कागदावर कशी उतरते ते बघा. जवान युनिटमध्ये दाखल झाला, बदलून गेला, रजेवर गेला, त्याला पदक मंजूर झालं, की युनिट त्याचा लेखी आदेश काढतं, त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि तिच्यावरून जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, नोंद चढते. डिस्चार्ज बुक निघतं ते शीट रोलवरून. म्हणजे डिस्चार्ज बुकात पदक नाही याचा अर्थ ‘पदकाचा हक्क नाही’ असा होत नाही. ‘डिस्चार्जच्या दिवसापर्यंत शीट रोलवर नोंद चढलेली नव्हती’ एवढाच त्याचा अर्थ.

रिझर्व्हिस्टच्या बाबतीत ही नोंद राहून जाण्याची कारणं ठरलेली आहेत. परत बोलावलेला माणूस थेट आपल्या जुन्या पलटणीत जाईलच असं नसे. तो आधी सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राला, हजर व्हायचा आणि तिथून जिथे माणसं कमी असतील तिथे पाठवला जायचा. त्या युनिटला तो नवखा. लढाई संपली. पदकांची स्थापना, त्यांचे नियम, मग युनिटनिहाय याद्या हे सगळं नंतर सावकाश झालं, आणि तोवर रिझर्व्हवाले घरी पोचलेले. त्यांच्याबरोबरच्या नियमित जवानाची नोंद तेव्हा राहिली असेल तरी पुढच्या नोकरीत, पेन्शनचे कागद तयार होताना कुणीतरी शीट रोल चाळायचं आणि चूक सापडायची. रिझर्व्हिस्टला ही दुसरी चाळणी मिळालीच नाही. वडिलांच्या बुकात १९६५ चं रक्षा पदक आहे आणि १९७१ चं काही नाही, हे या चित्राशी तंतोतंत जुळतं. १९६५ ला ते कलर सर्व्हिसमध्ये होते.

आता एकेक पदक घेऊ.

पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार हे प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांसाठी, नावाप्रमाणे एक पूर्वेकडचा आणि एक पश्चिमेकडचा. लढाई ३ डिसेंबर १९७१ ला सुरू झाली. पूर्वेला १६ तारखेला शरणागती झाली आणि पश्चिमेला १७ ला युद्धविराम. त्या पंधरवड्यात वडील त्या क्षेत्रातल्या युनिटबरोबर होते, असं दाखवावं लागेल.

संग्राम पदकाची व्याप्ती याहून मोठी आहे. त्याचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा वर्षभराहून जास्त आहे आणि जागा म्हणजे जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम आणि ईशान्येकडचा भाग. डिसेंबरात सेंटरवर असलेला आणि फेब्रुवारीत राजस्थानच्या सीमेवर गेलेला माणूस स्टारला मुकतो, पण संग्राम पदकाचा दावा करू शकतो. इथेच लोकांचा गैरसमज होतो. ‘१९७१ ला वर्दीत होते, म्हणजे संग्राम मिळायलाच हवं’ असं नाही. पूर्ण काळ सेंटरवर भरतीच्या पोरांना शिकवण्यात किंवा देशाच्या आतल्या भागात युद्धकैद्यांच्या छावणीवर पहारा देण्यात गेला असेल, तर जागेची अट अडते. कामात काही कमीपणा नव्हता, पण नियम जागेचा आहे.

तिसरं पदक लोक विसरतात: स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं. याला लढाईची अट नाही, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असणं पुरेसं. वडील १९७३ च्या सुरुवातीपर्यंत बोलावलेले होते, म्हणजे त्या दिवशी ते पटावर असणार. तुमच्या सगळ्या दाव्यांत हा मला सर्वांत भक्कम वाटतो, कारण इथे जागेचा प्रश्नच नाही. फक्त ते त्या तारखेला घरी रिझर्व्हमध्ये नव्हते, बोलावलेल्या अवस्थेत प्रत्यक्ष सेवेत होते, हे कागदावर हवं.

म्हणून डिस्चार्ज बुक पुन्हा उघडा, पण पदकांचं पान नको. सेवेच्या नोंदींचं पान बघा. तिथे रिझर्व्हला बदलीची तारीख असेल. तिच्याखाली पुन्हा बोलावल्याची नोंद आहे का? ‘रिकॉल्ड’ किंवा ‘कॉल्ड अप’ असा शब्द असतो, कधी १८८८ च्या रिझर्व्ह फोर्सेस कायद्याचा उल्लेख असतो. बऱ्याचदा हाताने लिहिलेली एक तिरकी ओळ, शेजारी अर्धवट उमटलेला गोल शिक्का आणि कुणाची तरी लफ्फेदार सही, एवढंच असतं. फोटोत ती दिसत नाही. पान उन्हात धरून वाचा, भिंगाने शिक्क्यातलं युनिटचं नाव लावा. तो शिक्का कधीकधी अख्ख्या फाइलपेक्षा जास्त सांगतो. ही ओळ असेल तर तुमचं निम्मं काम झालं, कारण डिस्चार्ज बुक हा सरकारनेच दिलेला कागद आहे.

आता ‘दस्तऐवज नष्ट केले’ या उत्तराकडे येतो. ते खोटं नाही. सेनेच्या नियमावलीतल्या परिच्छेद ५९५ प्रमाणे ज्यांना पेन्शन नाही अशा जवानांचे सेवा-कागद २५ वर्षांनी नष्ट करता येतात. पण ते उत्तर पूर्ण नाही. शीट रोल गेला तरी लाँग रोल राहतो, तो कायम जपायचा असतो. ही मोठी बांधीव वही असते. प्रत्येक माणसाचा नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, भरतीची तारीख, बाहेर पडल्याची तारीख आणि कारण, कधी बदल्या आणि पदकंही. तुम्ही पदक मागितलंत म्हणून त्यांनी शीट रोल शोधला, तो नाही म्हणून कळवलं. लाँग रोलचा उतारा मागितला असता तर वही उघडावी लागली असती. मागणी जशी तसं उत्तर, कार्यालयाचा हा स्वभावच आहे.

तर दुसरं पत्र असं लिहा. हिंदीत किंवा इंग्रजीत, एका पानात, आणि वडिलांच्या सहीने. ते हयात आहेत तोवर अर्जदार तेच. तुमच्या नावाने पत्र गेलं की आधी तुमचं नातं सिद्ध करण्यात महिने जातात. सही जमत नसेल तर अंगठा, आणि तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून साक्षांकित करून घ्या. वर आर्मी नंबर, रँक, नाव, रेजिमेंट. नंबराच्या शेवटचं इंग्रजी अक्षर सोडू नका, ते नंबराचाच भाग आहे. नाव सेनेच्या कागदात जसं आहे तसंच लिहा. भरती करताना क्लार्कने आडनाव गाळलं असेल किंवा ‘जाधव’चं स्पेलिंग भलतंच केलं असेल तर तेच. आधार कार्डावरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नावाच्या फरकावरून परत आलेले अर्ज मी ढिगाने पाहिलेत.

मजकुरात पदकांचा विषय अजून काढू नका. तीनच गोष्टी मागा: लाँग रोलमधल्या नोंदीचा प्रमाणित उतारा, रिझर्व्हमधून बोलावल्याची आणि पुन्हा रिझर्व्हला पाठवल्याची तारीख, आणि त्या काळातल्या युनिटचं नाव. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स, कोरी पानंसुद्धा. मूळ बुक कुणाच्याही हातात देऊ नका, पोस्टाने तर अजिबात पाठवू नका. ते हरवलं तर पोलिसात तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि दुय्यम प्रतीसाठी वेगळे खेटे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जाऊ द्या. तिथल्या कल्याण संघटकाला हे काम माहीत असतं, आणि त्यांच्या जावक क्रमांकाने गेलेलं पत्र सहसा बाजूला पडत नाही.

पत्राला उत्तर आलं नाही किंवा पुन्हा ‘नष्ट’ एवढंच आलं, तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. अर्ज ऑनलाइनही करता येतो. त्यातही अर्जदार वडीलच. विचारा: लाँग रोलमध्ये या नंबरासमोर काय नोंद आहे, त्या पानाची प्रत द्या. शीट रोल कधी आणि कुठल्या आदेशाने नष्ट केला, त्या यादीची प्रत द्या. ‘पदक का दिलं नाही’ असा प्रश्न विचारू नका. माहितीच्या अधिकारात हाताशी असलेला कागद मिळतो. कारणमीमांसा किंवा दुरुस्ती मिळत नाही. समाधान झालं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील.

हे चालू असताना घरातले कागद शोधा. आईच्या ट्रंकेत, देवघरामागे, पत्र्याच्या डब्यात. बोलावण्याची तार किंवा नोटीस, रेल्वे वॉरंटचा तुकडा, मनीऑर्डरच्या पावत्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वडिलांनी पाठवलेली पत्रं. पत्त्यात ५६ एपीओ (एपीओ म्हणजे सेनेचं टपाल कार्यालय) असेल तर साधारण पश्चिम आणि उत्तर, ९९ एपीओ असेल तर पूर्व. युनिटचं नाव बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या पत्त्यातच असतं, आणि टपालाच्या शिक्क्यावर तारीख आयती मिळते. जानेवारी १९७२ ची तारीख, ९९ एपीओ आणि युनिटचं नाव असलेलं एक आंतर्देशीय पत्र हे आज लिहिलेल्या पाच प्रतिज्ञापत्रांपेक्षा वजनदार. प्रतिज्ञापत्र काय, कुणीही करतो. ते पत्र त्या काळात लिहिलेलं आहे.

वडिलांबरोबर बोलावले गेलेले कुणी हयात असतील तर त्यांच्या साक्षीपेक्षा त्यांचं डिस्चार्ज बुक मागा. त्याच तारखेला बोलावणं, तेच युनिट, आणि त्यांच्या पदकांच्या पानावर संग्राम, असं असेल तर ती झेरॉक्स त्यांच्या परवानगीने जोडा. ‘त्याला मिळालं मग मला का नाही’ या सुरात लिहू नका. ‘एकाच युनिटमध्ये, एकाच काळात’ एवढं दाखवलं की पुरे. युनिट कुठे होतं हे सिद्ध करणं सहसा कठीण जात नाही, १९७१ मधल्या पलटणींच्या जागा रेजिमेंटच्या इतिहासांत नोंदलेल्या आहेत. अडचण एका माणसाला त्या युनिटशी जोडण्याची असते.

एवढं हाताशी आल्यावरच पदकांचा अर्ज करायचा. प्रत्येक पदकासाठी वेगळा परिच्छेद: पदकाचं नाव, अटीतला काळ आणि जागा, वडील तेव्हा कुठे होते, आणि ते दाखवणारा जोडपत्राचा क्रमांक. जे पदक कागदावर उभं राहत नाही ते मागू नका. वडील सेंटरवरच होते असं दिसलं तर स्टार सोडून द्या, २५ व्या वर्धापनदिनाचं तेवढं मागा. चार पदकं मागून एक सिद्ध करणाऱ्यापेक्षा एकच मागून ते सिद्ध करणाऱ्याची फाइल लवकर हलते. रेकॉर्ड ऑफिसने मान्य केलं की तिथून नोंद होते आणि पदकासाठी मागणी पुढे दिल्लीला, संरक्षण मंत्रालयाच्या पदक विभागाकडे जाते. नोंद आणि धातूचं पदक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद झाल्याचं पत्र आधी येईल, पदकाला वेळ लागतो. ते पत्र जपून ठेवा, खरी दुरुस्ती तीच.

दरम्यान कुणी म्हणेल की कँटोन्मेंटच्या दुकानात संग्राम पदक विकत मिळतं, घ्या आणि लावा. मिळतं हे खरं आहे. नोंद असलेले कितीतरी जवान सरकारी पदक येईपर्यंत तेच लावतात. पण नोंद नसताना लावणं मला पटत नाही, आणि माझा अनुभव असा की वडिलांच्या पिढीतल्या माणसांना ते अजिबात चालत नाही.

न्यायालयाबद्दल विचारलंत. सशस्त्र बल न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने आलं, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत तिथे जाता येतं. मोहिमेच्या पदकासाठी तिथे जाण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. या पदकांवर पैसा अवलंबून नाही, पेन्शन वाढत नाही, आणि वकिलाची फी मात्र खरी असते.

पण एक गोष्ट आवर्जून तपासा, ती पदकापेक्षा मोठी असू शकते. लाँग रोलच्या उताऱ्यात रिझर्व्हमधून नाव कमी झाल्याची शेवटची तारीख बघा. १९६१ च्या पेन्शन नियमांतल्या नियम १५५ प्रमाणे कलर आणि रिझर्व्ह मिळून पात्र सेवा १५ वर्षांची झाली असेल तर रिझर्व्हिस्ट पेन्शनचा प्रश्न उभा राहतो. वडील १९६२ चे. १९७३ ला ते ‘घरी आले’ म्हणजे सेवेतून सुटले की पुन्हा रिझर्व्हमध्ये गेले? रिझर्व्हमध्ये गेले असतील आणि १९७७ पर्यंत त्यांचं नाव तिथे असेल, तर १५ वर्षं भरतात. त्यांनी स्वतः अर्ज करून नाव कमी करून घेतलं होतं का, आणि पेन्शनऐवजी ग्रॅच्युइटी घेतली होती का, हेही विचारा, कारण उत्तर त्यावर फिरतं. इथे मात्र न्यायाधिकरणाचा विचार करायला हरकत नाही, कारण हा वडिलांच्या आणि पुढे आईच्या उदरनिर्वाहाचा विषय आहे. पेन्शनचा अर्ज पदकाच्या अर्जात मिसळू नका, दोन फाइली वेगळ्या ठेवा.

हे वाचणाऱ्या टेरिटोरियल आर्मीवाल्यांसाठी दोन ओळी. तुमच्याकडे रिकॉलच्या जागी एम्बॉडिमेंट, म्हणजे प्रत्यक्ष सेवेसाठी बोलावणं, असतं. पण वर्षाचं प्रशिक्षण म्हणजे मोहिमेवरची सेवा नव्हे, म्हणून दाव्यात एम्बॉडिमेंट आणि डिसएम्बॉडिमेंटच्या तारखा अलग मांडा. पत्र तुमची बटालियन ज्या रेजिमेंटशी जोडलेली आहे तिच्या रेकॉर्ड ऑफिसला जाईल. कोल्हापूरची १०९ बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीची आहे, तेव्हा तिथल्यांनी त्या रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं.

ताई, तुमच्यासाठी क्रम असा: उद्या उन्हात डिस्चार्ज बुक, या आठवड्यात लाँग रोलसाठी वडिलांच्या सहीचं पत्र, मग ट्रंक. उतारा हातात आला की नंबर झाकून इथे टाका, कुठलं पदक मागायचं ते आपण त्यावरून ठरवू. आणि पदक घरी आलं की पाकीट फोडल्यावर आधी त्याची कड बघा. तिथे नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. ते लाँग रोलशी अक्षर न अक्षर जुळवा. चुकलं असेल तर पदक फ्रेम करण्याआधी रेकॉर्ड ऑफिसला लेखी कळवा, नंतर ते बदलून घेणं फार जिकिरीचं होतं.